न कळलेला भाग

जयगड, ९ ऑगस्ट २०२१

दर्शना,

लांज्याच्या बाईंची फाइल पाहिली. तक्रार खरी आहे. त्यांनी इंटरनेटवरच्या आपल्या पानावर जुन्या फॉन्टमधल्या स्लाइड्स दिल्या, नव्या अक्षरांत परत घेतल्या आणि उघडायला गेल्या, तर संगणक म्हणाला, ‘ही फाइल बिघडली आहे, दुरुस्त करू का?’ बाई घाबरल्या. मीही घाबरलो असतो.

कारण सापडलं. तुला हे सगळं सांगायला नको, पण नियम तूच काढलास. रत्नागिरीला कॉलेजात असताना आपण ‘पाटी’ हा अक्षरं बदलणारा प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हा तू म्हणालीस की पाटीच्या रचनेत काही बदलायचं असेल तर आधी पत्र लिहायचं. संगणकातलं न कळणाऱ्यालाही समजेल असं. आणि दुसऱ्यानं उत्तर दिल्याशिवाय एक ओळ हलवायची नाही. म्हणून लिहितो.

स्लाइड्सची फाइल म्हणजे एक गाठोडं. आत मजकूर, चित्रं, तक्ते असे सुटे भाग. प्रत्येक स्लाइडबरोबर एक यादी असते. यादीत क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचा भाग गाठोड्यात कुठे ठेवला आहे तो पत्ता असतो. पाटीला मजकूर, चित्र आणि तक्ता कळतो. बाकीचं कळत नाही. बाईंच्या फाइलीत असा एक न कळलेला भाग होता. आपण यादीत त्याचा क्रमांक ठेवला, भाग मात्र ठेवला नाही. पत्ता आहे, घर नाही. म्हणून संगणक कुरकुरला.

माझं म्हणणं असं: न कळलेलं सगळं टाकून द्यावं. क्रमांकही आणि भागही. वाचताना आपल्याला जेवढं कळलं तेवढंच परत लिहावं. फाइल लहान होईल, स्वच्छ होईल, कधी बिघडणार नाही. जे कळत नाही त्याची जबाबदारी घेता येत नाही.

अब्बा विचारत होते, या पोरांची पाटी अजून फुटली कशी नाही. बोटीवरून कायमचे उतरल्यापासून त्यांना दुसरं काम नाही. तीस वर्षं खलाशांवर ओरडले, आता माझ्यावर.

नझीर


देवरूख, ११ ऑगस्ट २०२१

नझीर,

पत्र दोनदा वाचलं. कारण बरोबर, उपाय चूक.

शिंप्याकडे सदरा बाही शिवायला दिला. खिशात चिठ्ठी राहिली. शिंप्याला वाचता येत नसलं तरी तो चिठ्ठी टाकून देत नाही. बाही शिवतो आणि सदरा चिठ्ठीसकट परत देतो. लोक आपल्याकडे अक्षरं बदलायला येतात. बाकीचं गाठोडं त्यांचं.

करायचं ते एवढंच. न कळलेला भाग उघडायचा नाही. आहे तसा बाजूला ठेवायचा. त्याचा क्रमांक आणि पत्ता त्याच्यासोबत ठेवायचा. लिहिताना सगळं जागच्या जागी परत. कठीण आहे, मान्य. भागांच्या आत आणखी याद्या असतात, त्या याद्यांचे आणखी भाग. पण शक्य आहे.

दुसरं. ‘कळत नाही’ हे आजचं. उद्या कळेल. टाकलेलं मात्र उद्या मिळणार नाही.

अब्बांना सांग, पाटी फुटली की पहिला तुकडा त्यांना. अम्मींनी पाठवलेले कोळंबीचे सोडे मिळाले. आईनं डबा माझ्यापासून लपवून ठेवला आहे.

दर्शना


जयगड, १४ ऑगस्ट २०२१

दर्शना,

मी रचनेबद्दल विचारलं, तू शिंप्याची गोष्ट सांगितलीस.

खिशात चिठ्ठीऐवजी विंचू असला तर? लोकांच्या फाइलींत काय काय चिकटून येतं ते तूही पाहिलं आहेस. न उघडता पुढे द्यायचं म्हणजे विंचूही पुढे द्यायचा. शिवाय शाळांचं नेट. चाळीस एमबीची फाइल चढायला अर्धा तास, आणि त्यातले अडतीस एमबी म्हणजे कुणी चुकून जोडलेलं गाणं. ते टाकलं तर कुणाचं काय गेलं?

आपल्याकडे येतं कोण? शिक्षक. पाण्याचे गुणधर्म, शाळा स्वच्छता, भागाकार. त्यात आपल्याला न कळणारं आणि तरी मोलाचं असं काय असणार आहे?

तू भावनेनं बोलतेस. अशा गोष्टी भावनेवर उभ्या राहत नाहीत. पुढच्या आठवड्यात मस्कतच्या कंपनीची मुलाखत आहे. त्याआधी मला हे संपवायचं आहे. हो किंवा नाही, एवढंच लिही.

नझीर


देवरूख, १७ ऑगस्ट २०२१

नझीर,

ठीक.

दर्शना


जयगड, ३ मार्च २०२५

दर्शनाताई,

सलाम. मी रझिया, नझीरभाईची बहीण. तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा मी बारावीला होते. आता इथेच शाळेत शिकवते. तुमचा पत्ता अक्षरं बदलण्याच्या पानावर खाली मिळाला.

अब्बा गेल्याचं भाईनं कळवलं असेल. सोळा फेब्रुवारीला गेले. भाईला येता आलं नाही. डिसेंबरात त्यानं नोकरी बदलली, अजून रजा नाही.

जानेवारीत अब्बांनी अंथरूण धरलं तेव्हा म्हणाले, माझे बोटीवरचे फोटो नझीरला पाठव. मग म्हणाले, पण नुसते फोटो बघून त्याला काय कळणार. म्हणून मी शाळेच्या लॅपटॉपवर स्लाइड्स केल्या. एका स्लाइडवर एक फोटो, खाली बंदराचं नाव आणि साल. आणि अब्बा एकेका फोटोबद्दल बोलले. तो आवाज त्या त्या स्लाइडला जोडला. तीन दिवस लागले. त्यांना मध्ये मध्ये दम लागायचा.

शाळेच्या लॅपटॉपवर मराठीचा जुना फॉन्ट आहे. मस्कतला ती अक्षरं मुंग्यांसारखी दिसली असती. म्हणून ते गेल्यावर, पाठवायच्या आधी, तुमच्या पानावर फाइल देऊन अक्षरं बदलून घेतली. छान बदलली. जुनी फाइल मी पुसली, चुकून तीच जाऊ नये म्हणून. नवी भाईला पाठवली. तो म्हणतो, आवाज नाही. मी उघडून बघितलं. खरंच नाही.

मी कुठलं बटण चुकीचं दाबलं ते मला कळत नाही. तुमच्याकडे जुनी फाइल राहिली असेल का?

भाईला यातलं काही सांगू नका. त्याला मी सांगितलंय की चुकीची फाइल गेली, लॅपटॉप शाळेत आहे, पाठवते.

रझिया


देवरूख, ४ मार्च २०२५

रझिया,

लोकांनी दिलेल्या फाइली आम्ही ठेवत नाही. काम झालं की लगेच पुसतो. ते आम्ही पानावर अभिमानानं लिहिलं आहे.

लॅपटॉपवर आता काही करू नकोस. काही साठवू नकोस, काही पुसू नकोस. शाळेत कुणाला वापरायला देऊ नकोस. पुसलेली फाइल कधी कधी परत मिळते. मी रविवारी येते.

नझीरला सांगत नाही.

दर्शना


देवरूख, १२ मार्च २०२५

नझीर,

पाटीबद्दल साडेतीन वर्षांनी पत्र लिहिते आहे. तू गेल्यापासून मी एकटीच चालवते आणि एकटीला पत्र लिहावं लागत नाही. हा बदल मात्र तुझ्या उत्तराशिवाय करायचा नाही.

एका शिक्षिकेची तक्रार आली. तिच्या स्लाइड्सना आवाज जोडलेले होते. आपल्या पानातून गेल्यावर अक्षरं बदलली आणि आवाज गेले. पाटीला आवाज कळत नाही, म्हणून तिनं तो टाकला. म्हणजे नियमाप्रमाणेच झालं. मूळ फाइल तिनं पुसली आहे.

न कळलेला भाग टाकायचा, हा नियम बदलावा असं मी सुचवते.

दर्शना


मस्कत, १५ मार्च २०२५

दर्शना,

पत्र बघून बरं वाटलं. विषय बघून नाही.

पानावर स्पष्ट लिहिलं आहे: मजकूर, चित्रं आणि तक्ते परत मिळतील. म्हणजे बाकीचं मिळणार नाही. मूळ फाइल पुसली ती बाईंनी. त्यांच्या चुकीसाठी आपण पाटीचा पाया का उकरायचा? शिक्षिका आहे ना, धडा परत वाचून रेकॉर्ड करायला सांग. दहा मिनिटांचं काम. माझं उत्तर नाही असं आहे. तुझा शिंपी अजून दुकान उघडून बसलाय हे ऐकून मात्र हसू आलं.

इकडे माझंही तेच चाललंय. रझियानं अब्बांच्या फोटोंची फाइल पाठवली आणि तिच्यात आवाज नाही. चुकीची गेली म्हणते. रोज विचारतो, रोज लॅपटॉप शाळेत असतो. लहानपणीही अशीच. दुकानात मीठ आणायला पाठवली की साखर आणायची, आणि वर तुम्हीच साखर म्हणालात म्हणायची.

फोटो बघत बसतो. पहिल्यात अब्बा कुठल्याशा धक्क्यावर उभे आहेत, शेजारी एक फार उंच माणूस. अब्बांचा हात त्याच्या खांद्यावर जेमतेम पोचलाय. कोण माणूस, माहीत नाही. अब्बांनी सांगितलं असेल. फाइल आली की कळेल.

ईदलाही येणं होत नाही. ज्या हॉस्पिटलचं काम करतोय तिथे सुट्टीच्या दिवसांत गर्दी कमी, म्हणून आमची नवी संगणक यंत्रणा त्याच आठवड्यात सुरू करणार आहेत.

नझीर


देवरूख, १७ मार्च २०२५

रझिया,

आठवडाभर प्रयत्न केला. फाइल मिळाली नाही. पुसलेल्या जागेवर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ बसला आहे. फोटो सुटे मिळाले, ते तुझ्याकडे आहेतच.

लॅपटॉप एसटीनं पाठवत नाही, कुणाबरोबर तरी पाठवते.

दर्शना


जयगड, १९ मार्च २०२५

दर्शनाताई,

तुम्ही रविवार मोडून आलात, आठवडा घालवलात. अम्मी रोज तुमचं नाव काढते.

चूक माझीच. मुलांना मी रोज सांगते, पुसण्याआधी दोनदा बघा. मी एकदाही बघितलं नाही. मी फक्त अक्षरं बघितली.

मी एक ठरवलंय. भाईला सांगणार की आवाज रेकॉर्ड झालाच नव्हता. अब्बांना बोलवत नव्हतं, नुसते ओठ हलायचे, मी त्यांचं मन राखायला बटण दाबत होते. तो मानेल. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही तसंच सांगा. माझ्या हातून गेला हे त्याला कळण्यापेक्षा नव्हताच हे बरं. तो मला काही बोलणार नाही. पण दर ईदला फोनवर गप्प राहील, आणि ते मला कळेल.

रझिया


देवरूख, २२ मार्च २०२५

रझिया,

तसं सांगू नकोस.

तू कुठलंही चुकीचं बटण दाबलं नाहीस. त्या पानावर एकच बटण आहे. तू ते दाबलंस आणि आमच्या पाटीनं तुझ्या अब्बांचा आवाज टाकून दिला. पाटीला जे कळत नाही ते ती टाकते. तसा नियम आम्ही दोघांनी केला आहे. एक मी, आणि दुसरा नझीर.

हे मला तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच माहीत होतं. नऊ तारखेला तुमच्या घरी बसले होते तेव्हाही माहीत होतं. तू विचारलंस, ‘ताई, मी काय दाबलं असेल?’ मी म्हणाले, ‘बघते.’ लॅपटॉपमधून फाइल परत मिळेल आणि कुणालाच काही सांगावं लागणार नाही, अशी मला आशा होती. तेवढ्यासाठी तुला मी एकोणीस दिवस स्वतःला दोष देऊ दिला. मला हे माफ करू नकोस.

नझीरला आजच लिहिते. तू सांगू नका म्हणाली होतीस. तो शब्द मी मोडते आहे.

दर्शना


देवरूख, २२ मार्च २०२५

नझीर,

ज्या शिक्षिकेची तक्रार मी कळवली ती रझिया आहे. फाइल अब्बांची आहे. तिनं चुकीची पाठवली नाही. तुझ्याकडे आहे तीच फाइल. तिच्यात आवाज होते. तुला अक्षरं वाचता यावीत म्हणून तिनं ती पाटीतून काढली.

मी जयगडला जाऊन आले. अम्मींनी दारातच ओळखलं. ‘तूच ना गो ती पाटीवाली?’ म्हणाल्या. चहा ठेवायला लागल्या. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या, ‘रोजा आमचा आहे, तुझा नाय. लाजतेस कसली? आमचा नझीर रोज्यात खजूर चोरायचा नि बिया बापाच्या बुटात टाकायचा. बाप बूट घालून ओरडायचा, खडे कुठनं आले.’ रझिया हसली. मग लॅपटॉप घेऊन आली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. मी तो आठवडाभर उकरला. काही निघालं नाही.

तुझं पंधरा तारखेचं पत्र आलं तेव्हा लॅपटॉप माझ्या टेबलावर होता. ते पत्र तिला दाखवलेलं नाही.

आता माझं. तू म्हणशील नियम माझा होता. ओळी तुझ्या नावावर आहेत हे खरं. पण १७ ऑगस्टला मी ‘ठीक’ लिहिलं, तेव्हा तू चूक आहेस याची मला खात्री होती. एवढंच नाही. न कळलेले भाग क्रमांकासकट जपून ठेवणारा कोड मी त्याआधीच लिहिला होता. तीन दिवस, चाळीसेक ओळी. लांज्याच्या बाईंच्या फाइलीवर चालवूनही पाहिला. चालत होता. तुझ्या पत्रातलं ‘भावनेनं बोलतेस’ वाचलं आणि तो कोड पाठवला नाही. म्हटलं, तुला मस्कतला जायचं आहे, जा. कधीतरी तोंडावर आपटशील तेव्हा बघू. हे शब्द मी तेव्हा मनात म्हटले होते, आजही जसेच्या तसे आठवतात.

भांडण टाळायला मी हो म्हणाले असं मी लोकांना सांगितलं असतं. ते खरं नाही. तू चुकल्याचं मला बघायचं होतं.

दर्शना


मस्कत, २० एप्रिल २०२५

दर्शना,

महिना झाला. लिहायला बसलो की दुसरं काम करायचो.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिली गोष्ट काय केली असेल तर तुला खोटं पाडायला बसलो. फाइल घेतली, गाठोडं सोडलं आणि एकेक यादी वाचली. टाकताना आपण क्रमांक पुन्हा पहिल्यापासून घालायला हवे होते. आळसानं घातले नाहीत. म्हणून खाचा राहिल्यात. पहिल्या फोटोच्या यादीत तिसरा क्रमांक आहे, चौथा आहे. पहिला आणि दुसरा नाही; एका आवाजाला यादीत दोन क्रमांक लागतात. दुसऱ्या फोटोच्या यादीतही तेच. नऊ फोटो, नऊ याद्या, प्रत्येकीत वरच्या दोन जागा रिकाम्या.

तू ‘ठीक’ लिहिलंस ते मी संमती म्हणून वाचलं, असं लिहिणार होतो. तेही खरं नाही. तुझी पत्रं कधी एका शब्दाची नसत. ती संमती नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. मुलाखत होती, मला नियम लवकर संपवायचा होता, आणि तू गप्प झालीस ते माझ्या सोयीचं होतं. आपण दोघंही पत्राच्या नियमानं वागलो. पत्र लिहिलं, उत्तर आलं. नियम पाळला गेला आणि कुणी काही विचारलं नाही.

‘परत रेकॉर्ड करायला सांग, दहा मिनिटांचं काम.’ तू ते रझियाला दाखवलं नाहीस.

आता बदलाचं पत्र म्हणून हे वाच. पाटीला न कळलेला भाग तिनं उघडू नये, बदलू नये, टाकू नये. त्याच्या क्रमांकासह तो परत द्यावा. विंचवाची भीती खरी आहे, तिच्यासाठी वेगळा उपाय शोधू. टाकून देणं हा उपाय नाही. तुझ्या चाळीस ओळी पाठव. मी वाचतो. नाव तुझं राहू दे. मला हे मंजूर आहे, आणि तुला नसेल तर या वेळी भांड.

आणखी एक आहे. फोटो नऊ आहेत, पण स्लाइड्स दहा. दहावी पांढरी, कोरी. मला वाटलं होतं रझियाकडून जास्तीची राहिली. परवा तिची यादी उघडली. तिथेही पहिला आणि दुसरा क्रमांक नाही. म्हणजे त्या कोऱ्या पानावर आवाज होता.

मी रझियाला विचारतो आहे.

नझीर


मस्कत, २० एप्रिल २०२५

रझिया,

सलाम. दर्शनानं मला सगळं लिहिलं आहे. तू काहीही चुकीचं केलं नाहीस. अब्बांचा आवाज ज्या नियमानं गेला तो मी लिहिला. तुझ्या हातून नाही, माझ्या हातून गेला. अम्मीलाही हे सांग, याच शब्दांत. लॅपटॉपसाठी मी तुला रोज टोचत होतो, तेही लक्षात आहे.

दोन गोष्टी मागतो. अब्बा एकेका फोटोला काय बोलले ते जेवढं आठवतं तेवढं लिहून पाठव. आठवत नाही तिथे तसंच सोड, सुधारू नकोस.

दुसरी. शेवटची कोरी स्लाइड होती, तिलाही आवाज जोडलेला होता. तो कसला?

नझीर


जयगड, २६ एप्रिल २०२५

भाई,

अस्सलाम अलैकुम. तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. तुझ्या नियमाचं तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘त्याला लिही, जेवतोस ना नीट.’ ते लिहिलं.

नऊ फोटोंचं आठवलं ते सोबत वेगळं पाठवते. पहिल्यातला उंच माणूस केरळचा. अब्बा त्याला कुट्टी म्हणायचे. बोटीवर सगळ्यांचे केस तोच कापायचा आणि अब्बांचे कापताना गुडघ्यावर बसायचा. चौथ्याचं मला काही आठवत नाही. अब्बा खोकले आणि म्हणाले, हा राहू दे. तेही रेकॉर्ड झालं होतं, मी काढलं नव्हतं. सातव्याला त्यांनी बंदराचं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा वेगळं. शोधून बरोबर केलेलं नाही.

दहाव्याचं तुला कळू नये असं मला वाटत होतं. दर्शनाताईंनाही सांगितलं नव्हतं. नऊ गेले एवढं पुरे होतं.

ती स्लाइड चुकून राहिलेली नाही. अब्बांनी मागितली. शेवटच्या दिवशी, सगळे फोटो झाल्यावर, म्हणाले, ‘अजून एक कर.’

मी विचारलं, ‘फोटो कुठला लावू?’

‘फोटो नको.’

‘मग खाली काय लिहू?’

‘काय नको लिहू. तू बटण दाब नि बाहेर जा. हे तुझं नाय, नझीरचं.’

मला राग आला. तीन दिवस मी बसले, पाणी दिलं, पाठ चोळली, आणि आता मलाच बाहेर जा. मी बटण दाबलं, दार ओढून घेतलं आणि पडवीत वाल सोलत बसले. आतून आवाज येत होता, शब्द येत नव्हते. रस्त्यानं बंदराचे ट्रक चालले होते. मग हाक आली, ‘ये गो, बंद कर.’ मी बंद केलं तेव्हा चार मिनिटं सोळा सेकंद झाले होते. एवढं सलग ते कुठल्याच फोटोला बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘नीट आलंय का, ऐकून बघू?’ ते नको म्हणाले.

त्यानंतरही लॅपटॉप माझ्याकडेच होता. ते गेल्यावरही. मी ऐकलं नाही. एकदा ऐकायला गेले होते, पण तुझं होतं म्हणून बंद केलं. ऐकलं असतं तर आज तुला सांगता आलं असतं. अम्मी एक दिवस म्हणते, ऐकायला हवं होतंस, वेडी. दुसऱ्या दिवशी म्हणते, बरं केलंस. मला दोन्ही खरं वाटतं.

काय बोलले ते मला माहीत नाही, भाई. एवढंच सांगू शकते. नऊ फोटोंना त्यांनी दात लावले नव्हते. टोचतात म्हणायचे. स, श सगळे फसफस निघून जायचे, तू ऐकून हसला असतास. दहाव्याच्या आधी त्यांनी वाटीतले दात मागितले. मी धुऊन दिले. त्यांनी लावले, तोंड दोनदा उघडलं, मिटलं. मग, नीट उमटतंय का बघायला, एकदा ‘नझीर’ म्हणाले. आणि मला म्हणाले, जा.

रझिया